वरून कुंड्या, खाली एकच पाणी

बुऱ्हाणपूर म्हटलं की लोकांना मुमताज महल आठवते. १६३१ साली ती याच गावात वारली. आग्र्याला नेण्यापूर्वी तिचं पहिलं दफन तापीपलीकडच्या जैनाबादला झालं होतं. मला मात्र हल्ली बुऱ्हाणपूर म्हटलं की माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट आठवतं. हसू नका, सांगतो.

मी पणजीतल्या एका सरकारी खात्यात कारकून. बी. ए. मराठी घेऊन केलं, आणि गेली बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मराठी-इंग्रजी अर्जांवर टिपणं लिहितो आहे. बारा वर्षांपूर्वी दोन्ही कोपरांवर चट्टे आले, मग डोक्यात. खपल्या पडायच्या. त्वचेच्या डॉक्टरांनी सोरायसिस म्हणून सांगितलं. संसर्गजन्य नाही, जाणारही नाही, आटोक्यात ठेवायचं. ठेवलं. मलम लावायचं आणि बारा महिने फुल शर्ट घालायचा! मे महिन्यात पणजीत फुल शर्ट घालणारा माणूस एकतर बँकेचा मॅनेजर असतो, नाहीतर माझ्यासारखा.

२०२३ च्या पावसाळ्यात नवीन सुरू झालं. सकाळी उठून जमिनीवर पाय टेकला की टाच अशी दुखायची की भिंत धरूनच न्हाणीघरात जायचं. तासाभराने बरं वाटायचं. मग उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. एखादा सांधा नव्हे, मुळापासून टोकापर्यंत अख्खं बोट. आमच्या गोव्याच्या भाषेत सांगायचं तर चोरीससारखं! पेन धरवेना. ऑफिसातल्या एकाने युरिक अॅसिड म्हटलं, दुसऱ्याने चिकनगुनिया, तिसऱ्याने 'वय झालं रे' म्हणून पाठ थोपटली. सेहेचाळीस म्हणजे वय होणं की काय, देव जाणे.

हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी बोट पाहिलं, वेदनाशामक गोळ्या दिल्या. 'दुसरा काही आजार?' असं विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हटलं. खोटं बोलायचं मनात नव्हतं. कातडीचा आजार हाडांच्या डॉक्टरला काय सांगायचा, असं वाटलं. शिवाय शर्टाची बाही वर करावी लागली असती...

तर झालं असं, की २०२४ च्या फेब्रुवारीत आतेभावाच्या मुलीचं लग्न निघालं. आमची आत्या १९६८ साली लग्न होऊन बुऱ्हाणपूरला गेली. यजमान रेल्वेत होते, निवृत्तीनंतर तिथेच घर केलं. गोवा एक्सप्रेसने भुसावळला उतरलो. वरचा बर्थ मिळाला होता, एका कॉलेजच्या मुलाच्या हातापाया पडून खालचा घेतला. भुसावळहून पुढे सावदा, रावेर, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि मग बुऱ्हाणपूर. मध्य प्रदेशात असलं तरी गल्ल्यांमधून मराठी कानावर पडतं, आणि त्याच्या जोडीला पॉवरलूमची खटखट.

आत्याने दारातच विचारलं, "कसो आसा रे, पुता?" छप्पन्न वर्षं झाली, पण माहेरचं माणूस दिसलं की कोकणीच येते तोंडात.

दुसऱ्या दिवशी पहाटे लौकर जाग आली. लग्नघर अजून निजलेलं. आत्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, पुढ्यात कोमट पाण्याचं पातेलं आणि त्यात दोन्ही हात. म्हणाली, "हे केल्याशिवाय बोटं उघडत नाहीत." मी म्हटलं, "माझंही तसंच आहे." तिने पातेलं माझ्याकडे सरकवलं. हात बुडवायला मी बाह्या वर केल्या, आणि तिची नजर माझ्या कोपरावर थांबली. काही न बोलता तिने खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला पदर बाजूला केला. तिच्या कोपरावर तोच चट्टा. तीच पांढरी खपली.

मग मी तिचे हात नीट पाहिले. बोटांची टोकाकडची पेरं वाकलेली. नखं जाड, त्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे. माझ्या नखांवरही तसे खळगे आहेत, मला ती बुरशी वाटत होती.

आत्या म्हणाली, "चाळीस वर्षं वाताला एक डॉक्टर आणि चट्ट्यांना दुसरा. दोघांनी एकमेकांची चौकशी कधी केली नाही. मीही सांगितलं नाही. लाज वाटायची रे."

पदराखाली ती आणि फुल शर्टात मी! माझ्या वडिलांनाही कोपरावर असंच काहीसं होतं. ते 'कोरडी त्वचा' म्हणायचे आणि खोबरेल लावायचे.

दुपारी आतेभाऊ मला कुंडी भंडारा दाखवायला घेऊन गेला. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी जाणकाराने ही पाण्याची योजना आखली. सातपुड्याच्या बाजूने जमिनीखालून तापीकडे झिरपत जाणारं पाणी वाटेत अडवायचं आणि भुयारातून गावाकडे आणायचं. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. माझ्या टाचेमुळे मी खाली उतरलो नाही, वरच फिरलो. वरून दिसतात ती ओळीने विहिरींसारखी तोंडं. एक इथे, पुढची काही पावलांवर, मग आणखी पुढे. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, कोणीतरी वेड्यासारख्या जवळजवळ विहिरी खणल्या. भाऊ म्हणाला, "विहिरी कुठल्या? खाली सगळं एकच पाणी आहे."

मी तिथेच उभा राहिलो. कोपर ही एक कुंडी, नख ही दुसरी, टाच तिसरी, बोट चौथी. आणि आम्ही प्रत्येक कुंडीला वेगळा डॉक्टर करत बसलो होतो. ऑफिसात एकाच प्रकरणाच्या दोन फाइली दोन टेबलांवर फिरत असल्या तर निकाल लागत नाही, हे मला बावीस वर्षं ठाऊक आहे. स्वतःच्या फाइली मात्र मी कधी क्लब केल्या नाहीत!

गोव्यात परतल्यावर संधिवाताच्या तज्ज्ञांकडे गेलो, हाफ शर्ट घालून. त्यांनी विचारलेले प्रश्न लिहून ठेवतो, कोणाच्या उपयोगी पडतील. सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो? अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि हालचालीने कमी होत असेल तर सूज आतली असण्याचा संभव; झिजेचं दुखणं बहुधा वापराने वाढतं. अंगावर कुठे चट्टे? नखांवर खळगे? घरात कोणाला? शेवटच्या प्रश्नाला मी आत्याचं नाव घेतलं.

निदान झालं, सोरायटिक आर्थ्रायटिस. शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून आपल्यावरच उलटते. त्वचेवर आली की चट्टा, स्नायूबंध हाडाला जोडला जातो तिथे आली की टाच, सांध्यात आली की बोट. सोरायसिस असलेल्या साधारण पाचांतल्या एकाला, कदाचित थोड्या जास्तच जणांना, हे होतं, आणि बहुधा चट्ट्यांनंतर काही वर्षांनी. रक्तातला आरए फॅक्टर यात सहसा सापडत नाही, माझाही नव्हता. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गाफील राहू नये. मॉल आणि राइट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७३ साली हा वेगळा संधिवात म्हणून नीट मांडला. म्हणजे आत्याची बोटं वाकू लागली तेव्हा पुस्तकात उत्तर होतं, फक्त तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

उलट बाजूही सांगायला हवी. जुना आजार आहे म्हणून प्रत्येक नवं दुखणं त्याच्याच खात्यात टाकू नये. चिकनगुनियानेही सांधे महिनोन्‌महिने धरतात. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, जंतुसंसर्ग असू शकतो. आणि 'जादूच्या' पुड्यांपासून लांब राहावं. त्यांत स्टेरॉईड असलं तर चार दिवस सुखाचे जातात, पण बंद केल्यावर सोरायसिस उसळू शकतो.

मला मेथोट्रेक्सेट दिलं. आठवड्यातून एकदाच, रविवारी. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर लाल खूण करतो. दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड. ठरावीक काळाने यकृताची आणि रक्ताची तपासणी. दारू नाही, माझी अशीही नव्हती. गुण यायला दोन-तीन महिने लागतील असं आधीच सांगितलं होतं, म्हणून धीर धरला. तिसऱ्या महिन्यात बोट मिटायला लागलं. आता जाड पेन वापरतो, अर्ध्या तासाने खुर्चीवरून उठतो. साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "आधी का नाही सांगितलंत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही दिवस अजूनही वाईट जातात. पावसात तर जातातच.

आतेभावाने आत्याला जळगावला दाखवलं. वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, पण अजून जी सूज आहे ती कमी करता येईल, असं तिथे सांगितलं. तिलाही तेच औषध, कमी मात्रेत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा तिचे दोन्ही आजार एका कागदावर आले.

रविवारी रात्री जेवणं झाली की फोन वाजतो. "घेतली मरे गुळी?" मी 'घेतली' म्हणतो आणि तिला तेच विचारतो.