शुद्धिपत्र

पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात प्रकाशकांनी आम्हांस चहाला बोलावले आणि पुस्तक खपत नसल्याची वार्ता अत्यंत सौजन्याने आमच्या कानी घातली. पाचशे प्रतींची आवृत्ती, त्यातले निम्म्याहून अधिक गठ्ठे त्यांच्या पोटमाळ्यावर. देवनागरी खिळ्यांच्या इतिहासावरचे पुस्तक हातोहात संपेल, अशी आमचीही समजूत नव्हती. परंतु प्रकाशकांचे निदान निराळे होते. "पुस्तकात काही उणे नाही," ते म्हणाले, "तुम्हांला कोणी ओळखत नाही, एवढंच उणं आहे." त्यावरचा उपायही त्यांनीच सुचवला. वर्तमानपत्रांतल्या परीक्षणांची जागा आटली आहे, तेव्हा पॉडकास्टवर पाहुणे म्हणून जा. पुस्तकाआधी माणूस खपला पाहिजे.

स्वतःविषयी बोलणे हे हलकेपणाचे लक्षण, असा आमच्यावरचा संस्कार. दासबोधातील मूर्खलक्षणांत समर्थांनी आत्मस्तुती करणाऱ्यालाही स्थान दिले आहे, हे आमच्या घरी वरचेवर ऐकवले जाई. त्यामुळे 'पर्सनल ब्रँड' हे शब्द ऐकले की आमच्या डोळ्यांपुढे साबणाची वडी येई. कल्पना मात्र आजकालची नव्हे. टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन-लेखकाने १९९७ साली 'फास्ट कंपनी' या मासिकात लेख लिहून प्रत्येक नोकरदाराने स्वतःकडे ब्रँड म्हणून पाहावे, असा उपदेश केला होता. तेव्हा पॉडकास्ट हे नावही नव्हते. ते बेन हॅमर्स्ली यांनी २००४च्या फेब्रुवारीत 'गार्डियन'मधील लेखात सुचवले. पुढच्याच वर्षीच्या जूनमध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिली. आणि २०१५च्या जूनमध्ये अमेरिकेचे पदावर असलेले राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा मार्क मॅरन या विनोदवीराच्या लॉस एंजेलिसमधील गॅरेजात पाहुणे म्हणून बसले. राष्ट्राध्यक्षांना जे कमीपणाचे वाटले नाही, ते आम्हांस का वाटावे?

शिवाय या माध्यमाचे तर्कशास्त्र बिनतोड आहे. यजमानाने आठवड्यामागून आठवडे बोलून श्रोत्यांचा विश्वास कमावलेला असतो; पाहुणा तो तासाभरासाठी उसना घेतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड व्होल या दोन अभ्यासकांनी १९५६ सालीच रेडिओ-टीव्हीवरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांची जडणारी एकतर्फी जवळीक टिपून ठेवली होती. इअरफोनने ती अधिकच दाट केली. व्यासपीठावरचा वक्ता पन्नास फुटांवरून बोलतो. हा आवाज भांडी घासताना, लोकलमध्ये उभे असताना थेट कानात उतरतो. अशा ओळखीच्या आवाजाने "आज आपल्याकडे आले आहेत..." म्हटले, की पाहुणाही अर्धा ओळखीचा होतो.

यातले कसबही आम्ही हळूहळू शिकलो. मोठ्या कार्यक्रमांच्या मागे धावू नये. आपल्या विषयाचे वेड असलेले थोडे श्रोते बरे. (सुलेखनाची आवड असणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका लहानशा पॉडकास्टमुळे आमच्या जितक्या प्रती गेल्या, तितक्या एका गाजलेल्या कार्यक्रमाने गेल्या नाहीत.) यजमानाला पत्र लिहिण्यापूर्वी त्याचे दोन-तीन भाग खरोखर ऐकावेत, आणि पत्रात आपली थोरवी न गाता त्याच्या श्रोत्यांना काय मिळेल ते सांगावे. पंखा बंद करावा, पडदे ओढावेत, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर ठेवावा. पुस्तकाचे नाव आरंभी, मध्ये व शेवटी यावे, पण जाहिरात वाटू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपली अशी एक गोष्ट असावी. माहिती विसरली जाते. गोष्ट उरते, आणि तिच्याबरोबर सांगणाऱ्याचे नाव.

आमच्यापाशी गोष्ट होती.

आमचे वडील पुण्यातल्या एका छापखान्यात जुळारी होते. डाव्या हातात स्टिक आणि उजव्या हाताने खणांतून खिळे उचलत उलट्या अक्षरांच्या ओळी भरणे, हे काम त्यांनी सव्वीस वर्षे केले. १९८७ साली दिवाळीच्या तोंडावर तो छापखाना बंद झाला. पहिल्या पॉडकास्टमध्ये यजमानांनी विचारले, "या विषयाकडे कसे वळलात?" आम्ही बराच वेळ गप्प राहिलो, आणि मग सांगू लागलो. वडील घरी आले, खुंटीला सदरा अडकवून झोपले. दुसऱ्या दिवशी सदरा धुताना ताईला खिशात एक खिळा सापडला. तो तिने सुपारीच्या डबीत ठेवला आणि कित्येक वर्षांनी, आम्हांला पहिली नोकरी लागली तेव्हा, आमच्या हाती दिला. सांगायला अकरा मिनिटे लागली. मध्ये दोनदा आम्ही अडखळलो, एकदा क्रम चुकला.

प्रसारित झालेला भाग ऐकला तेव्हा ती गोष्ट चार मिनिटांची झाली होती. आमचे गप्प राहणे नाहीसे झाले होते. संवादातील शांतता शोधून कापणारी आज्ञावली हल्ली सर्रास वापरतात. सुपारीची डबी गेली होती, ताई एका वाक्यापुरती उरली होती. खरे सांगायचे तर आम्हांला राग आला नाही. उलट, गोष्ट सुधारली, असेच वाटले. आयुष्यभर इतरांचे मजकूर काटछाट करून सुबक करणाऱ्या माणसाला ती काटछाट पटली.

पुढच्या वेळी ते एक वाक्य आम्हीच गाळले. त्यापुढच्या वेळी वडिलांनी खिळा स्वतः आमच्या हातात ठेवला. सहाव्या की सातव्या मुलाखतीत ते बोलले : "आता तू लिही." हे वाक्य आम्ही योजून आणले नव्हते, बोलण्याच्या ओघात ते आले, यजमान क्षणभर स्तब्ध झाले, आणि त्यांची ती स्तब्धता मात्र संपादकाने कापली नाही. त्याच वाक्याचा मिनिटभराचा उभा तुकडा फोनाफोनांतून फिरला. लोक आम्हांला 'खिळेवाले' म्हणून ओळखू लागले. दीड वर्षात चौदा पॉडकास्ट झाले, दुसऱ्या आवृत्तीचे बोलणे सुरू झाले. प्रकाशकांचे निदान अचूक ठरले होते.

ताई चिंचवडला असते. पॉडकास्ट म्हणजे काय, हे तिला तिच्या सुनेने दाखवले. एका रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"ऐकलं रे तुझं. छान बोलतोस."

आम्ही संकोचाने काहीतरी पुटपुटलो.

"पण बाबा असं कधी म्हणाले?"

आम्ही गप्प. फोनवरची शांतता कापायला तिथे कोणी नव्हते.

"मला आठवेना म्हणून विचारलं," ती म्हणाली. "ऐकताना वाटलं, म्हणाले असतील. मीच विसरले असेन. मग रात्री झोपताना आठवलं, अरे, खिळा तर मला सापडला होता. आणि तू सांगतोस तो 'अ' नव्हता. 'ळ' होता, झिजलेला."

'ळ'च होता. तो या क्षणी आमच्या टेबलावर आहे. एका बाजूचे वळण पार झिजले आहे. असे निकामी खिळे जुळारी खणातून वेचून बाजूला टाकत. वडिलांनी बहुधा तो सवयीने खिशात टाकला आणि विसरले. त्यात निरोप नव्हता, वारसा नव्हता. 'अ' केव्हा झाला, कोणत्या मुलाखतीत, हे आम्हांस सांगता येणार नाही. एवढेच कळते, की अक्षरे उलटी वाचण्यात हयात गेलेल्या माणसाच्या मुलाने त्याचे एकच अक्षर सुलट वाचण्याचे कष्ट घेतले नव्हते.

आणि गोष्टीतून गळले ते केवळ खिळा सापडणे नव्हे. छापखाना बंद झाला तेव्हा तीन महिन्यांचा पगार थकलेला होता. ताई सतरा वर्षांची होती. तिने त्याच महिन्यात कॉलेज सोडले. घरी साड्यांना फॉल लावणे, ब्लाउज शिवणे सुरू केले आणि पुढे एका टेलरिंगच्या दुकानात लागली. आमची फी त्यातून गेली. वडिलांनी "आता तू लिही" म्हटले असते, तरी वही ताईच्या पैशांची असती. चौदा भागांत मिळून काही तास आम्ही स्वतःविषयी बोललो. त्यांत शिवणयंत्राचा आवाज कुठेही नाही. फोनवर तिने याविषयी चकार शब्द काढला नाही, हे वेगळे सांगायला नको. ती केवळ एक अक्षर दुरुस्त करत होती. आम्हांला बोचले ते निराळेच : आमच्या सफाईदार आवाजाने एका संध्याकाळपुरते का होईना, तिला तिच्या स्वतःच्या आठवणीविषयी शंका घ्यायला लावली.

यात पॉडकास्टचा दोष किती, हा प्रश्न आहे. गोष्टी घासून गुळगुळीत करण्याचे पाप कीर्तनकारापासून आत्मचरित्रकारापर्यंत सर्वांनी केले आहे. परंतु आत्मचरित्र माणूस बहुधा एकदाच लिहितो. ब्रँडला मात्र तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तिची चाचणी होते. जे परिणाम साधते ते टिकते. अशा निवडीत खरे टिकेलच असे नाही. शिवाय ब्रँडला नायक एकच लागतो. दोन भावंडांचा ब्रँड होत नाही.

पंधराव्या मुलाखतीत यजमानांनी हसत फर्माईश केली, "ती खिळ्याची गोष्ट होऊन जाऊ दे." आम्ही ती जशी घडली तशी सांगितली, सुपारीची डबी, थकलेला पगार, फॉलचे गठ्ठे यांच्यासकट. आधी काय सांगत आलो होतो, तेही सांगितले. गोष्ट लांबली, तिला शेवट सापडेना. यजमान भले गृहस्थ. त्यांनी बराचसा भाग ठेवला. मिनिटभराचा तुकडा मात्र त्यातून निघाला नाही. ताईला कळवले, तेव्हा ती म्हणाली, "माझं कशाला रे एवढं सांगायचं?" तिने तो भाग ऐकला की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.

जुने भाग आहेत तिथेच आहेत. यजमानाने मनावर घेतले तर मूळ ध्वनिफीत बदलता येते. पण ज्यांच्या फोनवर ती आधीच उतरली आहे, तिथे वडील बोलतच राहणार. छापखान्याच्या काळी यावर एक साधी सोय होती. पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली, तर जुळारी दोन रकान्यांची एक चिठ्ठी जुळवी, अशुद्ध आणि शुद्ध, आणि ती प्रत्येक प्रतीत चिकटवली जाई. वडिलांनी अशा कितीतरी जुळवल्या. त्या जुळवताना ते पुटपुटत असत. दुसरी आवृत्ती आता निघते आहे. प्रकाशकांना विचारून तिच्या शेवटी एक पान आम्ही मागून घेतले आहे. त्यावर एवढेच असेल :

'अ' याऐवजी 'ळ' वाचावे. 'वडिलांनी दिला' याऐवजी 'ताईने दिला' असे वाचावे. 'वडील म्हणाले' याऐवजी 'वडील काही बोलले नाहीत' असे वाचावे.