चोरदरवाजा

आमच्या घरामागच्या परड्यात दर दिवाळीला एक गड उभा राहत असे. वसुबारसेच्या आधी दोन दिवस दादा आणि मी कामाला लागायचो. दगडविटांचा ढीग, त्यावर भिजवलेले पोते, पोत्यावर चिखल आणि उतारावर पेरलेली मोहरी. वर सिंहासनावर महाराज, पायथ्याशी मावळे, आणि का कोण जाणे, वेशीपाशी एक मोडकी प्लास्टिकची मोटार!

हे सगळ्यांच्याच दारात होते. दादाचा जीव मात्र आतल्या गडात. पोत्याखाली तो फुटक्या कौलांची भुयारे बसवी. ती बाहेरून कुणालाच दिसत नसत. पाहायला आलेल्या पोरांना तो विचारी, "दिंडीतनं आत आलास. अंधार हाय. डावीकडं पाण्याचा आवाज येतोय, उजवीकडं उजेड. कुठं जातोस?" उजेडाकडे धावणारा बहुधा कडेलोटावरून खाली जाई! पोरे चिडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

पुढे दादा सतराव्या वर्षी गलाईच्या दुकानात दक्षिणेकडे गेला. विट्याच्या वाचकाला गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. पाऊस पाठ फिरवतो त्या आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसे देशभरातल्या सराफी पेठांत भट्टी, मूस आणि तेजाब घेऊन बसली आहेत. सोनारांच्या दुकानातली धूळसुद्धा गाळून तिच्यातले सोने काढायचे! आबांनी वीस वर्षे तेच केले. दादा गेला त्या दिवाळीला मी एकट्याने गड केला. तो दुसऱ्या दिवशी खचला. नंतर केलाच नाही.

मागच्या दिवाळीत पुण्याला शिकणाऱ्या एका मित्राने एक पुस्तिका दाखवली. सोळा पाने, मध्ये दोन टाचण्या. प्रकाशक असा कोणी नाहीच. परदेशातल्या कुणा हौशी माणसाने स्वतः लिहून, स्वतः छापून विकलेली. आत कथा नाही, नायक नाही. केवळ एका पडक्या मठाचा नकाशा आणि त्यातली दालने. कुठे काय दडले आहे, वास कसला येतो, दार ढकलले तर काय होईल. एकाने हे वाचून सांगायचे, बाकीच्यांनी पात्रे होऊन वाट निवडायची आणि अडेल तिथे फासा टाकायचा. मी थक्क झालो. अरे, हा तर आमचा परड्यातला गड!

मग मी या खेळाचा माग काढू लागलो. (अर्थशास्त्राच्या चाचणीत त्याचे फळ मिळाले, तो भाग वेगळा.) गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली अमेरिकेत निघाला. पहिली छपाई अवघ्या 1000 प्रतींची. खेळणारा आपले भुयार आपणच रचील, तयार भुयार कोण विकत घेणार, असा मूळ प्रकाशकांचा समज होता. 1976 साली बॉब ब्लेडसॉ आणि बिल ओवेन यांनी 'जजेस गिल्ड' काढून तो खोटा ठरवला. त्यांच्या 'टेगेल मॅनर' नावाच्या झपाटलेल्या वाड्यात 240 खोल्या आहेत! आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या मिळून तेवढ्या भरायच्या नाहीत. आणि 2009 पासून स्पर्धा सुरू झाली ती एका पानाची: अख्खे भुयार एकाच कागदावर बसवायचे.

तेव्हा मीही वही घेतली. वीस कोठड्यांचा गड लिहिला. फाशाऐवजी पाच कवड्या. त्यात एक गंमत कळली. उताण्या कवड्या मोजल्या तर दोन आणि तीन सारखे पडतात. शून्य किंवा पाच क्वचितच. म्हणून तक्त्यात दोन-तीनपुढे वटवाघळे, गळके छप्पर, झोपलेला पहारेकरी अशी रोजची मंडळी ठेवायची आणि पाचापुढे नाग. तक्ता नीट केला की भीतीसुद्धा मापात घालता येते. एसटी स्टँडजवळ दहा प्रती झेरॉक्स काढल्या आणि एक दादाला पोस्टाने धाडली. आईने त्या पाकिटात पाच कवड्या बांधून घातल्या.

रविवारी रात्री भट्टी विझल्यावर दादाचा फोन येई. पहिल्याच रात्री तो म्हणाला, "दार कुठाय दुसरं?"

"एकच आहे. महादरवाजा."

"आरं, एकाच दाराचा गड कसला? ह्यो तर कोंडवाडा झाला!"

मी काही बोललो नाही. दादा दुकानाच्या माळ्यावरच झोपतो हे मला ठाऊक होते.

त्याचे म्हणणे पुढे मला थोरामोठ्यांकडेही सापडले. जेनेल जेक्वेज या बाईंचे 1979 सालचे 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' आजही नावाजले जाते ते याचसाठी. आत शिरायच्या वाटा अनेक, आतल्या वाटा एकमेकींना फिरून मिळणाऱ्या. पण त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचे? देवगिरीच्या अंधारीत मी शाळेच्या सहलीत ठेचकाळलो आहे. वळणावळणाचा काळोख, त्यात शत्रूला धुराने कोंडण्याची सोय. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा लपलेला की समोर येईपर्यंत दिसत नाही. आणि आमच्याच तालुक्यात बाणूरगड, म्हणजे भूपाळगड. 1679 साली दिलेरखानाने तो घेतला. तिथे बहिर्जी नाईकांची समाधी दाखवतात. हेर तो! महादरवाज्यापेक्षा चोरवाटांशीच त्याची सलगी असणार.

मी सायकलने बाणूरला जाऊन आलो आणि माझ्या गडाला तीन वाटा दिल्या. एक चोरदरवाजा मुद्दाम मुदपाकखान्यात ठेवला. त्या कोठडीत नाग नाही, खजिना नाही. चुलीवर भाकरी आहे आणि ठेच्याचा वास. दादाचा शिलेदार तिथे पोचला तेव्हा खजिन्याचे दालन दोनच दारे पलीकडे होते.

"काय करतोस?" मी विचारले.

"बसतो जरा," दादा म्हणाला. मग बराच वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता.

परीक्षा झाली की मीही दादाकडे जावे, असे आबांचे मत आहे. त्याच्या हातावर तेजाबाचे डाग पडले आहेत, तोच फोनवर म्हणतो, "धाकट्याला शिकू द्या." दोघांचे अजून जमलेले नाही. गेल्या आठवड्यात मी नकाशा ओसरीवर पसरून बसलो होतो. आबा मागे येऊन उभे राहिले. आता पोरकटपणावर दोन शब्द ऐकावे लागणार, म्हणून मी वही मिटायला लागलो.

"थांब," ते म्हणाले. खाली बसले, चष्मा पुसला आणि सगळ्या कोठड्यांवरून सावकाश बोट फिरवले. "पाणी कुठाय हितं?"

पाणी मी विसरलो होतो. दुष्काळी तालुक्यातला मी, आणि वीस कोठड्यांत एक टाके नाही!

"पेन दे हिकडं," आबा म्हणाले.