सोळाची पत्ती

पेट्रोलवरच्या जुन्या जीपला ऋतू कळतात. मार्गशीर्षात कोयनेच्या खोऱ्यावरचं धुकं उठायच्या आत तिला जागं करायला गेलं की चोक पुरता ओढावा लागतो. सेल्फ आधी कण्हतो, मग कुरकुरतो, चार सिलिंडरांतला एखादाच दचकून पेटतो आणि बाकीचे तिघे पांघरुणातच. पुन्हा सेल्फ, पुन्हा तो पेट्रोलचा ओला, गोडसर, थेट डोक्यात चढणारा वास, आणि मग कुठूनतरी मनावर घेतल्यासारखे चौघेही एकापाठोपाठ हजर होतात, मडगार्डचा पत्रा थरथरतो, काचेवरचं दव रेषारेषांनी ओघळायला लागतं, गोठ्यातली म्हैस कान हलवते, आणि त्या सगळ्या घरघरीच्या वर एक बारीक, कोरडी, धातूची टकटक सुरू होते.

त्या टकटकीवर मी अर्धं आयुष्य झोपेतून उठले आहे.

ही जीप उंच कपाळाची. महायुद्धातली विलीज बुटकी होती; हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे, दोन्ही व्हॉल्व्ह तिच्या इंजिनात खाली, ब्लॉकच्या कुशीत असत. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनाने आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, सोडणारे खालीच राहू दिले. श्वास वरून, उच्छ्वास खालून. इंजिन त्यामुळे उंच झालं, ते मावावं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं, आणि १९५३ साली सीजे-३बी नावाची ही काहीशी बावळट, काहीशी करारी मुद्रा जगात आली. अमेरिकेत ती १९६८मध्ये थांबली. आपल्याकडे १९४९च्या सुमारास माझगावात जीप जोडायला लागलेल्या महिंद्राने ती पुढेही कित्येक वर्षं बनवली. बीडीओ साहेबांपासून साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यापर्यंत, धरणाच्या कामापासून निवडणुकीच्या भोंग्यापर्यंत, तालुक्यातली सत्ता जिच्या पायऱ्यांवरून उतरायची ती हीच. आमची अशाच एका सरकारी लिलावातून आली. दारावर पुसलेल्या अक्षरांची सावली उन्हात अजून दिसते.

तिच्या सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटर, आणि पिस्टनची खालीवर धाव १११. म्हणजे छाती अरुंद, श्वास लांब. असं इंजिन पळत नाही, ओढतं. लाल चिखलात चाकं बुडाली, चारही चाकं जोडून लो गिअर टाकला, की ती घाई न करता, एकेक ठोका मोजून टाकत, वर येते. आमचं शेत डोंगराच्या अंगावर आहे आणि तिथवर जाणाऱ्या वाटेला रस्ता म्हणणं हा सौजन्याचा भाग झाला. त्या वाटेवर नव्या गाड्या येऊन, विचार करून, परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

गेल्या चैत्रात ही जीप शांत झाली.

एकदम नाही. टकटक विरळ होत गेली, तिची धार गेली, मग एका सकाळी लक्षात आलं की चहा पिताना आपण नेहमीसारखे ओरडून बोलत नाही आहोत. आई म्हणाली, सुटलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, नवं इंजिन टाकलं का गं? फक्त अप्पा ओट्यावरून उठले, बॉनेटवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “ह्यातलं एक पोरगं गप्प बसलंय.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अप्पांना आता दाराची कडी वाजलेली ऐकू येत नाही. फोन त्यांच्या उशाशी वाजून वाजून थकतो.

मग कुंभार्ली घाटात ती दम टाकायला लागली. थंड असताना ठीक, पण पोफळीपासून चढ लागला की तिसऱ्या चौथ्या वळणापर्यंत तिची ओढ सुटायची, आवाज फाटायचा, आणि करवंदीच्या जाळ्यांशेजारी ती उभी राहायची. तापलेल्या रबराचा, धुळीचा, पिकल्या करवंदांचा वास. खाली दरीत पाचोळ्यावरून सरकणारं ऊन. घाटात बंद पडलेल्या गाडीला वैद्य फार. ट्रकवाला सांगतो पेट्रोलची वाफ झाली, पंपाला ओलं फडकं गुंडाळा. दुधाच्या टेम्पोवाला सांगतो डेल्को उघडा, पॉइंट घासा. स्कूटरवरून जाणारे गुरुजी थांबून, डोकावून, कॉइल म्हणतात आणि जातात. गंमत अशी की प्रत्येकाचं थोडं थोडं खरं ठरतं. फडकं ओलं केलं की ती सुरू होते, पॉइंट घासले तरी होते, नुसतं करवंदं खात बसलं तरीही होते. थंडावा कुठल्याही निमित्ताने मिळाला तरी तिला चालत होता.

मिस्त्री कराडहून आले. त्यांच्या बोटांच्या रेषांत काळं तेल इतकं जिरलेलं आहे की ते भविष्य वाचायला बसले तर स्वतःच्या हातावर त्यांना बहुतेक इंजिनच दिसेल. त्यांनी आल्या आल्या काही उघडलं नाही. चहा घेतला, जीप सुरू करायला सांगितली, आणि पुढे जायच्या ऐवजी मागे गेले. वर्तमानपत्राचं एक पान सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं. पान फडफडत राहिलं, बाहेर, बाहेर, बाहेर, आणि मध्येच एकदा, क्षणभर, आत ओढलं गेलं. नळीला चिकटलं. सुटलं. पुन्हा फडफड, पुन्हा ती छोटी ओढ. जी वाट फक्त बाहेर टाकायची, तिथूनच कुणीतरी आत श्वास घेत होतं.

“ताई, बघितलं का? उलटा दम घेतीया.”

मग ते पुढे आले. रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर काढायला लागले. पहिली काढली, इंजिन अडखळलं, खाली बसलं. लावली, सावरलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली.

काहीच झालं नाही.

इंजिन आपल्या त्याच लंगड्या चालीने चालत राहिलं. ज्याच्या जाण्याने घरात काही बदलत नाही, तो किती दिवस घरात नव्हताच, हे मला त्या उन्हात, हातात उघडी वायर धरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघताना जाणवलं. वायरच्या टोकाशी निळी ठिणगी निमूट तडतडत होती. करंट होता, पेट्रोल होतं, हवा होती. दाबच धरत नव्हता. बाकीच्या तिघांत गेजचा काटा शंभराच्या पुढे गेला, तिसऱ्यात साठालाही पोचेना. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून काटा वर चढला असता. तो जागचा हलला नाही. गळती वर होती, व्हॉल्व्हपाशी.

हेड खोलायचं ठरलं.

या इंजिनात हेडचा एक बोल्ट दिसत नाही. तो कार्बोरेटरच्या खाली, हवा आत जाते त्या तोंडातच लपलेला असतो. कार्बोरेटर उतरवून आत डोकावल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. सगळे बोल्ट निघाले तरी हेड का सुटत नाही म्हणून कुणी पहार घालून उचकटायला गेलं, तर ओतीव लोखंड तडकतं. मिस्त्रींनी सगळ्यात आधी तोच काढला. मग गॅस्केटचा चिकट चरचर आवाज, आणि इतकी वर्षं ज्या अंधारात उजेड फक्त स्फोटांचा होता, तिथे दुपारचं ऊन पडलं. चार पिस्टनांची चार वर्तुळं. तीन तपकिरी, कोरडी, निरोगी. तिसरं काळं, ओलसर. आणि त्याच्या शेजारी, ब्लॉकच्या कुशीत, बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, त्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा जळून गेलेला.

मी तो हातात घेऊन बसले. नुसता व्हॉल्व्ह, दांडीवर एक चकती. जड चढावर ही चकती लाल होते. तिला थंडावा मिळतो तो मुख्यतः सीटवर टेकते तेवढ्या वेळात. उरलेली उष्णता तिथून ब्लॉकमध्ये, पाण्यात उतरून जाते. टेकायलाच मिळालं नाही, की जळते. आणि टेकायला का मिळालं नाही, तर वर्षानुवर्षं बसून बसून ती सीटमध्ये रुतत गेली, तिची दांडी खाली सरकत आली, खालच्या टॅपेटला भिडली. दोघांमध्ये जी फट असायची ती मिटली. तापलं की लोखंड लांब होतं. लांब व्हायला जागा उरली नाही, तेव्हा दांडी व्हॉल्व्हला वर उचलून धरायला लागली. बंद व्हायच्या वेळी तो किंचित उघडाच. त्या किंचितातून पेटलेला वायू सुटत राहिला आणि कड कुरतडत गेला.

आमची टकटक म्हणजे ती फट होती.

“वाजतोय तवर टॅपेटची काळजी न्हाई,” मिस्त्री म्हणाले, “गप्प झाला की बघायचं.” अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांना हे ऐकू गेलं नाही, आणि कुणी जाऊन सांगितलंही नाही.

नवा व्हॉल्व्ह पुण्याहून, नाना पेठेतून आला. सीट साफ झाली, आणि मग मिस्त्रींनी ते काम माझ्या हाती दिलं ज्याची मला अजून आठवण येते. व्हॉल्व्हच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची, चकतीवर रबरी वाटीची काठी चिकटवायची आणि काठी दोन्ही तळव्यांमध्ये धरून पुढेमागे फिरवायची, ताकाची लहान रवी फिरवावी तशी. मधूनच उचलायचं, पाव वळसा फिरवून पुन्हा टेकवायचं. सुरुवातीला आवाज वाळूचा येतो, दातांत कळ यावी असा. मग तो बारीक होतो. मग ओला. मग नुसती सळसळ, आणि हाताला कळतं की दोन कडा आता एकमेकींना ओळखायला लागल्या. पुसून पाहिलं तर कडेला राखाडी, न चमकणारं, अखंड वर्तुळ उमटलेलं असतं. माझ्या वर्तुळात एका जागी बारीक खंड होता. मिस्त्रींनी नुसतं बोट ठेवलं, बोलले नाहीत. संध्याकाळ उतरेपर्यंत मी फिरवत राहिले. तळवे गरम, खांदे भरून आलेले, आणि मन इतकं रिकामं की त्यात फक्त ती सळसळ. अंगणातल्या दिव्याभोवती किडे जमले होते. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

स्प्रिंगांच्या चिमुकल्या खिळी बसवण्याआधी त्यांनी ब्लॉकच्या भोकांत चिंध्या कोंबल्या, एखादी निसटून खालच्या तेलात गेली तर पुन्हा सगळं आलं म्हणून. मग फट. फिलर गेजच्या पानांतून त्यांनी सोळाची पत्ती काढली. इंचाचे हजार भाग करायचे आणि त्यातले सोळा घ्यायचे. जेमतेम चार दशांश मिलिमीटर. दोन बारीक पाने लावून टॅपेट फिरवायचा आणि पत्ती सरकवून बघायची. ती अडकता कामा नये, मोकळी सुटताही कामा नये. ओढताना कुणीतरी आतून हलकेच धरून ठेवल्याचं बोटांना कळायला हवं. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत ही फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून निघते, त्या जन्मभर गप्प चालतात आणि आजारी पडल्या की दिवा लावून सांगतात. सोयीचं आहे खरं. पण त्या दिव्याशी माझं काही नातं जुळत नाही.

दुसऱ्या दिवशी ती सुरू झाली. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरली, मान हलवली. तेवढ्यात अप्पा आले, त्यांच्या हातून तो घेतला, मूठ धोतराच्या सोग्याने पुसली, आणि कानाला न लावता दातांत धरली. डोळे मिटले. त्यांचा जबडा, गालफडं, पांढऱ्या भुवया, सगळं इंजिनाच्या ठोक्यावर बारीक थरथरत होतं. दाराची कडी ज्यांना ऐकू येत नाही, ते हाडांनी ऐकत होते. मग मला उमगलं, त्या दिवशी बॉनेटवरचा त्यांचा तळहात काय करत होता.

त्यांनी चार बोटं वर केली.

दुपारी आम्ही तिघे घाट उतरलो आणि पोफळीहून चढायला लागलो. मी गाडी चालवत होते, अप्पा शेजारी, मिस्त्री मागे टपाच्या कांबीला धरून. पहिल्या वळणाला खांद्यात जुनी भीती होती. करवंदीच्या जाळ्या आल्या, गेल्या. दुसरा गिअर, ती लांब, जाड, संथ ओढ, पायाखालून पोटापर्यंत येणारी, आणि टकटक, टकटक, दरीच्या भिंतीवर आपटून परत येणारी. वर हेळवाकला मिस्त्रींनी इंजिन बंद करायला लावलं, विडी पेटवली, ती संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मारा. तापलेलं इंजिन पहिल्याच सेल्फला पेटलं.

अप्पांनी मागे हात केला. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. ते उतरून पुढे गेले, बॉनेट उघडलं, दातांत मूठ धरून बराच वेळ वाकून राहिले.

“वॉटर बॉडी बोलायला लागलीय,” ते म्हणाले.

“बेरिंग हाय,” मिस्त्री त्यांच्या कानाशी ओरडले. “दिवाळीनंतर बघू!”

“दिवाळीपर्यंत नाही टिकायचं.”

“टिकतंय!”

दोघांचा वाद चहा येईपर्यंत चालला होता आणि चहा येऊन गेल्यावरही संपला नव्हता. टपरीवाल्याने मला विचारलं, कुठल्या गोष्टीवरून भांडतायत? मी म्हटलं, बंद पडली की सांगते.