त्याचे लक्ष कुठे होते?

वसतिगृहाच्या आठवणी लिहावयास बसलो की पाचवीच्या वर्गातील एक मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो. इतिहासाच्या तासाला धडा वाचता वाचता तो मध्येच थांबे. नजर स्थिर होई, पापण्या किंचित फडफडत. दहा-पंधरा सेकंदांनी, काहीच न घडल्यासारखा, तो पुन्हा ओळ शोधू लागे. "लक्ष कुठे आहे तुझे?" असे दरडावून मी त्याला कितीदा तरी उभे केले. "सर, मी इथंच होतो," एवढेच तो म्हणे. मला ते खोटे वाटे.

एका रविवारी त्याची आजी भेटीस आली. "गुरुजी, घरीबी असाच थिजतो. बाहेरचं काही असंल का? गंडा बांधू?" मी ठाम नकार दिला, बाबासाहेबांचा दाखलाही दिला. परंतु रात्री मनात आले, आजीच्या गंड्यामागे ज्ञान नव्हते. माझ्या शिक्षेमागे तरी कोणते होते?

आम्ही त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी कागदाची पट्टी हाती देऊन त्याला एकसारखी फुंकर मारावयास सांगितले. दोन-तीन मिनिटांत नजर थिजली. मेंदूच्या विद्युत आलेखाने निदान पक्के झाले: अपस्मार. मेंदूतील पेशींच्या विद्युत संदेशांचा तोल क्षणभर ढळतो, तो हा आजार. सारे अंग ताठ होऊन झटके येणे हा त्याचा एक प्रकार. एकच हात थरथरणे हा दुसरा. आणि काही क्षण भान हरपणे, हा 'अॅबसेन्स' प्रकार आमच्या मुलाचा. प्रकारानुसार औषध बदलते. झटक्यांवर चालणारी काही औषधे या प्रकारात अपायही करतात. त्याला व्हॅल्प्रोएट सुरू झाले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी मागे वळून पाहिले. सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवले होते की, हा रोग दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. १८५७ मध्ये ब्रोमाइड, १९१२ मध्ये फेनोबार्बिटल, १९३८ मध्ये फेनिटॉइन, अशी औषधे येत गेली. तरीही आपणा बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली अपस्मार विवाहास बाधक ठरविला गेला; तो शब्द १९९९ मध्ये वगळला. औषध आधी आले, समज फार उशिरा आली.

गोळी एकही वेळ चुकू नये म्हणून वसतिगृहात वही ठेवली. काही महिन्यांत थिजणे थांबले. पुढे दोन वर्षांहून अधिक काळानंतर डॉक्टरांनीच मात्रा हळूहळू कमी करीत औषध बंद केले. मनाने अचानक बंद करणे धोक्याचे असते.

माझ्या शिक्षकबंधूंना व भगिनींना एवढीच विनंती. झटका आलेल्या मुलास कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ पाहा; पाच मिनिटांत थांबले नाही तर रुग्णालय गाठा. आणि वर्गात कोणी थिजला, तर दरडावण्यापूर्वी क्षणभर पाहा.

मी भर वर्गात त्याची क्षमा मागितली. तो गोंधळला, मग म्हणाला, "सर, वाचू का पुढं?"