डोक्यावरून गेलेला चेंडू
१२ ऑगस्ट १९६७. ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडचा लीगविजेता मँचेस्टर युनायटेड व एफ. ए. कपविजेता टॉटनहॅम यांच्यात चॅरिटी शील्डचा सामना झाला. टॉटनहॅमचा गोलरक्षक पॅट जेनिंग्ज याने हातातला चेंडू लाथेने दूर उडवला; तो टप्पा खाऊन युनायटेडचा गोलरक्षक स्टेपनी याच्या डोक्यावरून थेट जाळ्यात! ती चित्रफीत पाहताना सारे जेनिंग्जचे कौतुक करतात. आमची नजर मात्र स्टेपनीवर खिळते. सेमिनरीत आम्हीही गोलरक्षक होतो, आणि असाच एक चेंडू आमच्याही डोक्यावरून गेला होता. तेव्हा हसलेल्या सोबत्यांना तो आज आठवतही नसेल. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, शील्ड दोघांत वाटली गेली. पुढच्याच वर्षी युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात स्टेपनीने यूसेबियोचा जोरदार फटका अडवला. आम्हांला मात्र पुन्हा गोलमध्ये कोणी उभे केले नाही.