घरातला तोतया

आमचा नातू सध्या रहस्यपटांच्या नादी लागला आहे. परवा त्याने आम्हांस शेजारी बसवून हिचकॉकचा १९६० सालचा 'सायको' दाखविला आणि वर विचारले, "आजोबा, वेड लागलेली माणसे अशीच खून करतात का हो?" चित्रपट बेतला आहे उत्तम, यात शंका नाही. परंतु त्या प्रश्नाने आमच्या पोटात कालवले. कारण त्याच जातीचे एक रहस्य आमच्या घरात तीन वर्षे नांदून गेले, आणि त्यात खलपुरुष म्हणून कोणी नव्हताच.

आमचे थोरले बंधू दादा त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. एका संध्याकाळी वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा दादांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले व अत्यंत सभ्यपणे विचारले, "बाई, आपण कोण? आमची मंडळी कोठे गेली?" अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात 'अगं' याखेरीज दुसरे संबोधन ज्यांच्या तोंडी कधी आले नाही, त्यांच्या त्या 'आपण'ने वहिनी जागच्या जागी खिळल्या. दादांचे म्हणणे एवढेच, की चेहरा तिचा, पातळ तिचे, कुंकू लावण्याची ढबही तिची. पण ही ती नव्हे. कोणीतरी बेमालूम सोंग आणले आहे!

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला, त्याचे बंड १७७६ साली मोडले, हे आम्ही मुलांस वर्षानुवर्षे शिकविले. तेथे खोट्यास खरे म्हणणारे पुष्कळ निघाले. येथे खऱ्यासच खोटे ठरविले जात होते, आणि मास्तरकीची सवय जडलेल्या आम्हांस वाटले की पुरावा मांडला म्हणजे काम झाले. आम्ही लग्नातले छायाचित्र काढले, जुनी पत्रे काढली. पाच नळांतून दमयंतीने खरा नळ कसा ओळखला, देवांस घाम नाही, पापणी लवत नाही, छाया पडत नाही, तेव्हा वहिनींची छाया भिंतीवर पाहा, इथपर्यंत आमची मजल गेली. दोन तास हा वाद चालला. शेवटी दादांनी, "तुम्हीही त्यांना सामील आहात," असे म्हणून काठी उगारली, आणि आडव्या आलेल्या वहिनींच्या मनगटावर ती बसली. वहिनींनी शेजारी सांगितले, न्हाणीघरात पाय घसरला. आम्ही गप्प राहिलो.

पुढे चार महिने घराने ही गोष्ट झाकली. कोणी उतारा टाकला, कोणी अंगारा आणला. आम्ही नको म्हटले नाही. चरकसंहितेतील उन्मादाचे पाच प्रकार आम्हांस तोंडपाठ. त्या पाठांतराचा दादांस कवडीचा उपयोग झाला नाही. अखेर पुतण्याने हट्टाने त्यांस मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेले.

त्यांनी सांगितले ते असे. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच वैद्याने आपल्या एका सहकाऱ्याबरोबर १९२३ साली एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. नवरा व मुले बदलून त्यांच्या जागी हुबेहूब दिसणारी माणसे आणून ठेवली आहेत, अशी तिची खात्री होती. त्या वैद्याचेच नाव या विकारास पडले. चेहरा ओळखणे व तो पाहून आपलेपणा दाटून येणे, ही दोन कामे मेंदू वेगवेगळ्या वाटांनी करतो, असे एलिस व यंग या शास्त्रज्ञांनी १९९० साली सुचविले. पहिली वाट शाबूत राहून दुसरी तुटली, की पत्नी दिसते पण पत्नी 'वाटत' नाही. मग बिचारे मन त्या पोकळीचा अर्थ लावू पाहते, आणि तोतया जन्मास येतो. दादांच्या बाबतीत मूळ होते स्मृतिभ्रंशात. मेंदूच्या पेशींत ल्युई बॉडी नावाचे प्रथिनांचे गोळे साठतात, त्या प्रकारात हा भास वरचेवर आढळतो. औषधे मिळाली, थोडा उतार पडला. वाद घालू नका, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले. दुसऱ्यांदा आमच्याकडे पाहून.

नातवास आम्ही काय सांगितले? असा रुग्ण कधी कधी त्या 'तोतया'वर हात टाकतो, हे आम्ही लपविले नाही. काठी आम्ही पाहिली आहे. परंतु मनोविकाराची बहुतेक माणसे कोणाच्या वाटेस जात नाहीत, उलट त्यांनाच मार व छळ अधिक सोसावा लागतो. हे चित्रपटात दाखवीत नाहीत. दाखविले तर तिकिटे कोण काढील?

एक नवल मात्र सांगावयाचे राहिले. दूरध्वनीवर दादा वहिनींस तत्काळ ओळखीत! समोर चेहरा नसला की नुसता आवाज थेट काळजात पोहोचे. हे कळल्यापासून रोज सायंकाळी सात वाजता वहिनी मागील पडवीत जाऊन पुतण्याच्या फोनवरून घरातल्याच फोनवर बोलत. दादा विचारीत, "अगं, कधी येतेस?" त्या म्हणत, "येते हो, दोन दिवसांत."

शेवटच्या पावसाळ्यातले एक बोलणे आम्ही शेजारी बसून ऐकले. दादा आवाज खाली आणून सांगत होते, "इथे एक बाई आहेत. स्वभावाने फार चांगल्या. त्यांच्या हातचे पिठले थेट तुझ्यासारखे होते. तू आलीस म्हणजे त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नकोस, एक चांगलेसे पातळ दे."

पडवीतून वहिनी म्हणाल्या, "बरं. कोणत्या रंगाचं देऊ?"