दुबईत हाक ऐकू येत नाही

रायपूरच्या जुन्या वस्तीत, कंकाली तलावाच्या परिसरात ब्राह्मणपारा आहे. छत्तीसगढीत पारा म्हणजे मोहल्ला. येथल्या कंकाली मठाचे दार वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडते. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, पण त्यांच्या अमदानीपासून रायपुरात मराठी माणूस रुजला आहे. आता अशा घरांतली मुले आखातात नोकरी करतात आणि आजी-आजोबांना नातवंडांची ओढ दुबईला नेते.

जाताना फारसे अडत नाही. मुंबई-दिल्लीला कुणालाही हिंदीत विचारता येते. कसोटी लागते ती परतताना. पासपोर्ट तपासणीच्या पुढे मुलाला जाता येत नाही. तिथून दोघांनाच निभवायचे असते.

दुबईला तीन टर्मिनल आहेत. त्यातले दुसरे तर धावपट्टीच्या पलीकडे! म्हणून टॅक्सीत बसण्यापूर्वीच तिकिटावरचा टर्मिनल पाहावा. काउंटरवर सामान दिले की पासपोर्ट तपासणी आणि मग सुरक्षा तपासणी. सुनेने प्रेमाने दिलेली लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत असेल, तर ती इथेच राहते. २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून जगभर हा जाच सुरू झाला. बरणी मोठ्या बॅगेत घालावी. औषधे मात्र चिठ्ठीसह जवळच हवीत.

यापुढे खरी गफलत होते. रायपूर स्टेशनवर गाडीची घोषणा कानीकपाळी होत असते. माणूस निर्धास्त बाकावर बसतो. दुबईचा विमानतळ मुका आहे. प्रत्येक विमानासाठी तिथे पुकारा होत नाही. सोन्याच्या दुकानांच्या झगमगाटात हाकेची वाट पाहत बसलेल्यांचे विमान निघून जाऊ शकते. फलकावर गेटचा क्रमांक दिसतो आणि तो ऐनवेळी बदलूही शकतो. क्रमांकाआधीचे इंग्रजी अक्षर महत्त्वाचे, कारण काही गेटांकडे आतल्या रेल्वेने जावे लागते. एमिरेट्सचे गेट उड्डाणाआधी वीस मिनिटे बंद होते. मनगटी घड्याळ भारतीय वेळेवरच असेल तर ते दीड तास पुढे, म्हणजे उगाच धास्ती!

चालणेही पुष्कळ असते. तिकीट काढतानाच चाकांची खुर्ची मागितली तर कर्मचारी थेट गेटपर्यंत पोचवतो. बहुतेक कंपन्या त्याचे पैसे घेत नाहीत. पण आजोबा ठसक्यात म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" आणि आजींचे गुडघे मुकाट सोसतात. निदान त्यांच्यासाठी तरी खुर्ची सांगून ठेवावी.

रायपूरला दुबईहून थेट विमान नाही. मुंबईला किंवा दिल्लीला उतरून पुढचे विमान गाठावे लागते. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर बॅगा आपोआप पुढे जात नाहीत. पट्ट्यावरून त्या स्वतः उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर न्यायच्या आणि रायपूरच्या विमानासाठी पुन्हा सोपवायच्या. या खटाटोपासाठी दोन विमानांमध्ये चार तास तरी हाताशी असावेत.